पहिला ठसका

ईस्टरला झेबकाका ठसकला नाही, आणि तिथनं सगळं फाटत गेलं.

सायप्रस ग्रोव्ह गावच्या चर्चमागं विटांची एक लांबट भट्टी आहे. सणासुदीला तीत अख्खं डुक्कर घालायचं. ओक आणि हिकरीच्या लाकडांच्या निखाऱ्यावर ते सावकाश भाजायचं, मग उलथून कातडीवर निजवायचं, आणि मांस हाड सोडायला लागलं की वरून तिखटपाण्याचा पोचारा मारत राहायचा. हे सगळं झालं की पहिला घास जायचा मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात. त्यानं चावायचं, गिळायचं आणि ठसकायचं. तो ठसकला की सगळ्यांनी एका दमात "आमेन" म्हणायचं आणि मग ताटं पुढं करायची. ठसक्याच्या आधी घास उचलणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता. ही रीत बायबलात कुठं लिहिलेली नाही, पण बायबलातल्या पुष्कळ गोष्टी मोडणारी माणसंसुद्धा ही मोडत नव्हती.

तर त्या ईस्टरला झेबकाकानं घास चावला, गिळला आणि वाट बघितली. झेबकाका नव्वदीच्या पल्याडचा, पण घसा बारक्या पोरासारखा नाजूक. सगळे त्याच्या नरडीकडं टक लावून उभे. काकानं दुसरा घास घेतला. तोही सुखानं खाली उतरला.

"पुचाट झालंय," काका म्हणाला.

बास. एवढंच. पण भट्टीपाशी पोचारा घेऊन उभ्या असलेल्या लॉसी बुलकला कुणी मुस्काटात मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. लोकांनी "आमेन" म्हटलं, पण ते कसं, तर पाव्हण्याच्या घरी खारट कालवण 'छान झालंय' म्हणून गिळावं तसं.

लॉसी बुलक काही मऊ बाई नव्हे. लहानपणी तिनं तंबाखूची पानं काठ्यांना बांधली, मोठेपणी गिरणीत शिलाई मारली, नवरा पुरला, आणि यातलं कुठलंच काम करताना ती कुणापुढं रडली नाही. त्या गावात आग ही बाप्यांची. बायांच्या वाट्याला कोबी किसणं आणि केक भाजणं. पण तिचा सासरा, पॉप बुलक, मोठा हिशेबी माणूस. त्यानं आपल्या दोन्ही लेकांना भट्टीवर बसवून बघितलं. थोरला रूफस, म्हणजे लॉसीचा नवरा, निखाऱ्याच्या उबेनं झोपून जायचा. धाकट्या लिनवुडला दम नव्हता. तो आग भडकवायचा आणि कातडं कोळशागत करून ठेवायचा. एका सालाला म्हाताऱ्यानं पोचारा लेकांच्या हातातनं काढला आणि सुनेच्या हातात दिला. दोन पोरगे समोर उभे, आणि पोचारा सुनेला. रूफस हसला आणि पुन्हा झोपला. लिनवुड हसला नाही. पुढं तो चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी, झाला, नातवंडांचा आजा झाला, पण ते हसायचं त्याचं राहिलं ते राहिलंच.

तिखटपाणी करायला तसं कुणालाही येईल. सफरचंदाचं व्हिनेगर, भरडलेली लाल मिरची, काळी मिरी, मीठ. घागरीत घालायचं, हलवायचं आणि मुरत ठेवायचं. साखर नाही, टोमॅटो नाही. अवघड काय, तर मिरची. ती दर सालाला वेगळी. कोरड्या सालातली बारकी आणि जहाल, पावसाच्या सालातली फुगीर आणि फुसकी. म्हणून माप ठरवून चालत नाही. पॉप घागरीचं बूच काढायचा, नाक तोंडाशी न्यायचा आणि डोळे मिटून ओढायचा. मग म्हणायचा, "अजून बोलत न्हाई." आणखी मूठभर मिरची. पुन्हा नाक. "आता बोललं." लॉसी तेच शिकली. तिचं नाक पॉपच्याही पुढं गेलं असं म्हातारा मरता मरता बोलून गेला, आणि ते नेमकं लिनवुडच्या कानावर पडलं.

मग साथीच्या साली लॉसीला ताप आला. माणसं मेली त्या तापानं, लॉसी उठली. पण उठली ती नाक हरवून. कॉफीला वास नाही, साबणाला नाही, पावसानं भिजलेल्या कुत्र्यालासुद्धा नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. ईस्टर आला तेव्हा तिनं बूच काढलं, सवयीनं डोळे मिटले, ओढलं, आणि घागर गप्प. तिनं आदल्या सालच्या अंदाजानं मिरची टाकली. ती मिरची पाऊस पिऊन फुगलेली होती. पुढचं झेबकाकानं सांगितलंच.

गुपित फोडलं शेंगांच्या पातेल्यानं. शेजारची पर्लीन मागच्या दारानं आत आली तेव्हा चुलीवर शेंगा करपून धूर निघत होता, आणि लॉसी त्याच्याकडं पाठ करून मटार सोलत बसलेली.

"आगं ये बये! घर जाळतीस का काय?" पर्लीननं पातेलं उचलून पायरीवर आपटलं.

"कुठं काय जळतंय?"

पर्लीन तिच्याकडं बघत राहिली. दोघी एका वर्गातल्या, एकाच सालाला लग्न झालेल्या, एकीच्या घरातली शिंक दुसरीला ऐकू जाणाऱ्या.

"लॉसी. तुला वास येत न्हाई."

"येतो की."

"मी सकाळधरनं मासं साफ करून आले. हात धुतलं न्हाईत. सांग बरं, कसला वास येतोय मला?"

लॉसीनं मटाराची टोपली खाली ठेवली. "तुला तर बारा म्हैनं वास येतो. त्यात माशाचा कुठला ते कसं वळखू?"

पर्लीन हसली, मग तिचं हसू थांबलं. तिनं त्याबद्दल गावात अवाक्षर काढलं नाही. पण असलं गुपित फोडावं लागत नाही, ते आपल्या पायानं चालतं. ईस्टरच्या पुचाट घासानंतर लिनवुड घरोघरी विचारत फिरला, आणि मे महिन्यातल्या एका बुधवारी प्रार्थना झाल्यावर त्यानं मंडळींना थांबवलं. विषय होता ऑगस्टातल्या होमकमिंगचा. त्या रविवारी उत्तरेला, शहराला गेलेली सगळी बिऱ्हाडं पोरंबाळं घेऊन गावच्या चर्चला परत येतात. त्या दिवसाची भट्टी म्हणजे सालातली खरी भट्टी.

"सिस्टर बुलक," लिनवुड म्हणाला.

लॉसी सावध झाली. हा माणूस तिला जन्मभर 'लॉसी' म्हणत आला. 'सिस्टर' तो दोनदाच म्हणायचा, मयताला आणि काही काढून घ्यायचं असलं तर. इथं तर कुणी मेलेलं नव्हतं.

लिनवुडनं झाकण लावलेला कागदी पेला तिच्यापुढं ठेवला. "राग मानू नका. डोळं मिटा, झाकण काढा आन् यात काय हाय ते मंडळीला सांगा. एवढंच."

कुणी खोकलं, कुणी चुळबुळलं. पर्लीन बाकावरनं अर्धी उठली. लॉसीनं हातानं तिला बसवलं. तिनं डोळे मिटले नाहीत. झाकण काढलं, आत बघितलं, आणि पेला लिनवुडच्या पुढ्यात परत सरकवला.

"कॉफी हाय. डोळं अजून हायेत मला. नाक मेलंय, तापात गेलं. तुला ते ठावं व्हतं, म्हणून तर पेला आणलास. सरळ विचारलं असतंस तर सरळ सांगितलं असतं. नाक मेलंय, लिनवुड. बाकीची मी जित्ती हाय."

नव्या पास्टरनं घसा खाकरला. पोरगा गुणाचा, पण दुसऱ्या जिल्ह्यातला. "सिस्टर बुलक, कुणी तुमचा अपमान करत नाहीये. यंदा तुम्ही जरा विश्रांती घ्या. केकचं बघा हवं तर."

"केक मला येत न्हाई, आन् शिकायची हौस बी न्हाई."

"शहरातल्या पोरांना तसंही ते आंबट पाणी चालत न्हाई," लिनवुड आता मोकळा झाला. "त्यांना लाल सॉस लागतो, दाट, गोड. दुकानात मिळतो. यंदा भट्टी मी धरतो. सॉस माझा."

"तुझा? बाटलीवर तुझं नाव हाय व्हय?" पर्लीन म्हणाली.

पण हात वर झाले, आणि लिनवुडच्या बाजूनं जास्त झाले. काहींनी वर करताना लॉसीकडं बघितलं नाही. लॉसीनं त्यांची तोंडं मनात ठेवली. मग ती उठली, चर्चच्या स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यावर टांगलेला पोचारा काढून घेतला. तंबाखू वाळवायची जुनी काठी, टोकाला फडकं गुंडाळायचं. दांडा पॉपच्या हातानं काळा आणि गुळगुळीत झालेला.

"ती चर्चची वस्तू हाय," लिनवुड दारात आडवा आला.

"ही तंबाखूच्या खोपटातली काठी हाय. तुझ्या बापानं आणली, माझ्या हातात दिली. तुझ्या हातात द्यायची असती तर तू काय तवा परगावी व्हतास?"

लिनवुड बाजूला झाला. लॉसी काठी खांद्यावर टाकून बाहेर पडली. चर्च आणि तिचं घर यांच्यामध्ये फक्त डांबरी रस्ता. तो ओलांडेपर्यंत तिचं ठरलं होतं. भट्टी तिच्या अंगणात बसणार होती, चर्चच्या दाराच्या अगदी समोर.

"लोक काय म्हणतील?" पर्लीननं विटा वाहता वाहता विचारलं.

"काय म्हणायचं ते ताट हातात घिऊन म्हणतील. उचल ती वीट."

"माझी कंबर गेली."

"माझं नाक गेलं. मी बोलले का काय? उचल."

भट्टी उभी राहिली, वाकडीतिकडी पण पक्की. राहिलं तिखटपाणी. तिथं मात्र लॉसी अडली. ईस्टरची चूक पुन्हा झाली तर लिनवुडला बोलायची गरजच पडणार नव्हती. गाव स्वतः बोललं असतं. ती घागरीचं बूच काढायची, नाक लावायची, आणि घागर मेल्या माणसासारखी गप्प. चिडून तिनं एकदा बूच भिंतीवर भिरकावलं.

वाट सापडली ती मिरची कुटताना. पर्लीन ओसरीत बसून शिंकांवर शिंका देत होती, आणि लॉसी कुटता कुटता खोकली. आधी तिनं लक्ष दिलं नाही. पुन्हा खोकली. डोळ्यांत पाणी आलं. मुसळ हातात तसंच धरून ती थांबली.

"काय झालं?"

"मी ठसकले."

"मिरची कुटतीस म्हटल्यावर ठसकणार न्हाई तर गाणं म्हणणार?"

"आगं, नाक मेलंय तरी ठसकले. ऐकतीस का? वास गेला, डंख न्हाई गेला."

तिनं घागरीतलं पाणी चमचाभर घेऊन गिळलं आणि डोळे मिटून उभी राहिली. ओठाच्या कडेला चुरचुरलं. मग जिभेच्या मुळाशी. मग काहीच नाही. आणखी मूठभर मिरची टाकून ती दोन दिवस थांबली आणि पुन्हा चमचाभर घेतलं. ओठ, घसा, आणि या खेपेला कानामागं घामाचा एक थेंब. झेबकाकानं कधी घागरीला नाक लावलं होतं? त्या रीतीनं आजवर वास तपासलाच नव्हता. तपासला होता तो घसा. पॉपनं नाकाची वाट धरली, कारण त्याला ती जवळची होती. लॉसीला आता लांबची वाट होती, पण गाव तेच.

त्या उन्हाळ्यात तिच्या ओसरीवरनं कोरडं कुणी गेलं नाही. पत्रं टाकणारी बाई आली की लॉसी चमचा घेऊन तयार. "आ कर." बाई ठसकली की लॉसी घागरीकडं बघून मान हलवायची. विम्याचा एक एजंट आला, त्यालाही चमचा. तो इतका खोकला की विम्याचं बोलायचं विसरून पाणी मागत निघून गेला. पर्लीन तर रोजचीच. "मी मेले तर माझ्या मयताला याच पाण्यानं डुक्कर भाज," ती म्हणायची, "म्हंजी मला मारलं कशानं ते लोकांना कळंल." एकच अडचण होती. लॉसीला दिसत होतं की हे पॉपचं पाणी राहिलेलं नाही. पॉपच्या पाण्यात आधी वासाची एक गोडी यायची आणि मागनं आग. हे आल्या आल्या चावत होतं. तिनं बरेच दिवस त्याला जुन्या वाटेवर आणायची खटपट केली. मग एका दुपारी सोडून दिली. जे नाकच नाही त्याच्यासाठी कशाला रांधायचं?

होमकमिंगच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरता उतरता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धूर निघाला. तिकडं लिनवुड आणि त्याचे जावई, इकडं लॉसी आणि पर्लीन. लिनवुडनं दोनदा रस्त्यापर्यंत येऊन बघितलं. लॉसीनं एकदाही मान वळवली नाही. तिला जळाल्याचा वास येणार नव्हता, म्हणून ती निखाऱ्यांचा रंग बघत आणि चरबीचा आवाज ऐकत बसली. चरबी सावकाश चरचरली की बरं, तडतडली की निखारा जास्त. डुकरानं तिला सबंध रात्रीत फसवलं नाही.

सकाळी गाड्या आल्या. रेशमी टोप्या, नवे बूट, शहरातली पोरं. चर्चचं दार उशिरानं येणाऱ्यांसाठी उघडायचं आणि दर खेपेला लॉसीच्या भट्टीचा धूर आत शिरायचा. प्रवचन चालू असताना दोन म्हातारे खिडकीकडं तोंड करून बसले होते, असं पर्लीननं पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर येऊन सांगितलं.

प्रार्थना सुटली. चर्चमागच्या मेजांवर लाल सॉसच्या बाटल्या लागल्या. लॉसी रस्त्याच्या या कडेला पोचारा टेकून उभी होती. झेबकाकाला खुर्चीत बसवलं. लिनवुडनं सॉसनं निथळणारा घास त्याच्या हाती दिला. शे-दीडशे माणसं ताटं धरून उभी.

काकानं चावलं, ओठ चाटले, गिळलं.

काही झालं नाही.

"काका," लिनवुड खाली वाकला, "ठसका की जरा."

"ठसका काय मागून येतो व्हय?"

"निदान खाकरा तरी. लोकं खोळंबलीत."

"मी घशाचं खोटं बोलत न्हाई," काका म्हणाला. "हे पोराच्या पावावर लावायचं हाय. ग्वाड हाय, वाईट न्हाई. पर ह्याला आमेन कोण म्हणंल?"

आणि त्यानं आपली टेकून चालायची चौकट पुढं ओढली. कुणाला कळायच्या आत म्हातारा रस्त्याकडं निघाला. लिनवुड "काका, गाड्या हायेत!" म्हणून मागं धावला. पर्लीन रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली आणि येणारा ट्रक तिनं नुसत्या नजरेनं थांबवला. चौकट खटाक खटाक करत काका आला तो थेट लॉसीच्या भट्टीपाशी. त्याच्या मागनं माणसं रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. पुढं यायची छाती अजून कुणाला झाली नव्हती.

लॉसीनं फासळीजवळचं मऊ मांस तोडलं, त्यावर पोचारा पिळला आणि घास काकाच्या हातावर ठेवला.

काकानं चावलं. त्याच्या ओठाची कड आखडली. त्यानं गिळलं. डोळ्यांच्या खाचांत पाणी जमलं. मग ठसका आला तो असा, की चौकट थरथरली. एक, मग दुसरा, मग म्हातारा वाकून खोकतच सुटला. पास्टर पाण्याचा पेला घेऊन पळत आला. लिनवुड ओरडला, "मारशील त्येला! लॉसी, मारशील!"

काकानं पाण्याचा पेला ढकलून दिला. तोंड पुसलं. "दे आणखी एक."

मग त्यानं लॉसीकडं नीट बघितलं. "पर हे पॉपचं न्हाई."

"न्हाई," लॉसी म्हणाली, आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "पॉपचं माझ्या नाकाबरूबर गेलं. हे माझ्या घशातलं हाय. ज्याला पॉपचं पायजे त्यानं कबरस्तानात जावं. ज्याला हे पायजे त्यानं ताट आणावं."

मग पर्लीननं "आमेन" म्हटलं, मग एका म्हातारीनं, मग इकडनं तिकडनं, फाटक्यातुटक्या आवाजात. एका दमात काही झालं नाही ते. ताटं रस्ता ओलांडून आली, सगळी नाही. शहरातली पोरं लाल सॉसला चिकटून राहिली आणि मजेत जेवली. लिनवुडची बायको इकडनं एक ताट झाकून घेऊन गेली ते कुणासाठी, हे लॉसीनं विचारलं नाही. आली त्यातली निम्मी माणसं डोळे पुसत, नाकं शिंकरत, "बया बया" करत दुसऱ्यांदा ताट भरून घेऊन गेली. मे महिन्यात हात वर केलेली तोंडं तिनं ओळखली. त्यांच्या मांसावर तिनं पोचारा जरा जास्तच पिळला.

दुसऱ्या दिवशी पास्टर आला. लॉसी भट्टीच्या विटांवरची चरबी खरवडत होती. लिनवुड रस्त्याच्या पलीकडं, चर्चच्या दारात हात मागं बांधून उभा होता, जणू काही त्याचा या निरोपाशी संबंधच नाही.

"सिस्टर बुलक, मंडळींचं ठरलंय," पास्टर म्हणाला. "पुढच्या सालापासून भट्टी पुन्हा तुम्हीच धरा. तिकडं, चर्चमागं, पूर्वीसारखी. फक्त मिरची जरा कमी. आणि मेजावर लाल बाटलीही राहील, पोरांसाठी. डीकननंच सुचवलंय हे."

लॉसीनं काठीच्या टोकाचं फडकं सोडलं, पिळलं आणि उन्हात वाळत घातलं. मग तिनं पलीकडच्या लिनवुडकडं बघितलं, मधल्या डांबराकडं बघितलं.

"मिरची हाय तेवढीच राहील, आन् भट्टी हाय तिथंच," ती म्हणाली. "रस्ता काय लई रुंद न्हाई, पास्टर. झेबकाका चालत आला."